विद्यापीठाची नभोवाणी आणि तिचा जमाखर्च
(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्यापैकी जे वयस्क आहेत त्यांना रेडिओच्या परवान्याची ती लहानशी पुस्तिका आठवत असेल. दरसाल पोस्टात जावयाचे, खिडकीशी रांगेत उभे राहून पैसे भरावयाचे, आणि पुस्तिकेवर तिकिटे लावून शिक्का मारून घ्यावयाचा. परवान्याची मुदत टळली तर तपासनीस घरी येईल अशी धास्तीही असे. पुढे ती पद्धत गेली आणि पुस्तिका ट्रंकांच्या तळाशी जाऊन पडल्या. पण त्या पुस्तिकेमुळे एक गोष्ट घरातील लहान मुलासही कळे, ती ही की, या पेटीतून जे गाणे ऐकू येते त्याचे पैसे आपण देतो. मात्र त्या पैशांचे पुढे काय होते हा प्रश्न पोस्टाच्या खिडकीशी कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विचारला असता तर खिडकीतल्या बिचाऱ्या कारकुनास काय उत्तर देता आले असते?

हा प्रश्न विचारण्याची सोय एका देशाने कायद्यानेच करून ठेविली होती. तो देश अमेरिका, आणि ती सोय तेथील सार्वजनिक नभोवाणी केंद्रांसाठी होती. त्यांपैकी पुष्कळशी केंद्रे विद्यापीठांच्या मालकीची आहेत. २०२५ साली त्या केंद्रांना मिळणारे सरकारी अनुदान बंद झाले आणि त्याबरोबर त्या सोयीचा मुख्य आधारही गेला. मी आयुष्याची बरीच वर्षे एका विद्यापीठाच्या लेखाशाखेत काढली असल्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष गेले. अनुदान मिळविणे, ते खर्च करणे आणि ते योग्य रीतीने खर्च झाले असे लिहून देणे या तीन अगदी निराळ्या कला आहेत, हे मला तेथे शिकावयास मिळाले.

अमेरिकेत नभोवाणी आणि विद्यापीठ यांचे नाते जवळजवळ जन्मापासूनचे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्राध्यापक अर्ल टेरी यांच्या देखरेखीखाली एक प्रायोगिक केंद्र चालत असे. १९२२ साली त्यास 'डब्ल्यूएचए' हे नाव मिळाले. शेतकऱ्यांस हवामान आणि बाजारभाव कळविणे हे त्याचे आरंभीचे एक काम होते. त्या दशकात कित्येक महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी असे परवाने काढले. पण व्यापारी केंद्रांच्या रेट्यापुढे आणि स्वतःच्याच चालकांच्या उदासीनतेपुढे त्यांपैकी बहुतेकांना टिकाव धरता आला नाही. पुढे १९४५ साली एफएम पट्ट्याचा एक भाग बिनव्यापारी शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आला, म्हणून विद्यापीठांना पुन्हा जागा मिळाली. १९५३ च्या मे महिन्यात ह्यूस्टन विद्यापीठाने देशातील पहिले बिनव्यापारी शैक्षणिक दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले.

जागा मिळाली, पण पैसा नव्हता. १९६७ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली तेव्हा पैशाची वाट मोकळी झाली. (मूळ योजना दूरचित्रवाणीपुरतीच होती, नभोवाणीचा शब्द विधेयकात मागाहून घालण्यात आला. धाकट्या भावंडाचे नाव पत्रिकेत शेवटी घालावे, तसेच काहीसे.) या कायद्याने 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग' हे महामंडळ स्थापन झाले. सरकारने पैसा थेट केंद्रांस देऊ नये, मध्ये हे महामंडळ असावे, म्हणजे सरकारचा हात कार्यक्रमांपर्यंत पोहोचणार नाही, असा त्यामागील हेतू होता. महामंडळ दरवर्षी पात्र केंद्रांस अनुदान देई आणि केंद्रे त्यातून कार्यक्रम विकत घेत, पगार देत, मनोरे दुरुस्त करीत. अखेरच्या वर्षांत संसद या महामंडळासाठी दरसाल ५३.५ कोटी डॉलर मंजूर करीत होती.

आता अटींकडे वळू. १९७८ साली या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली आणि अनुदानास काही अटी जोडण्यात आल्या. ज्या केंद्रास हा पैसा हवा असेल त्याच्या नियामक मंडळाची, त्याच्या उपसमित्यांची आणि सल्लागार मंडळाची बैठक लोकांस खुली असली पाहिजे. जमाखर्चाचे आणि लेखापरीक्षणाचे अहवाल लोकांस पाहावयास मिळाले पाहिजेत. श्रोत्यांच्या गरजा केंद्राच्या कानी घालण्यासाठी समाजातील निरनिराळ्या थरांचे एक सल्लागार मंडळ असले पाहिजे. मात्र रोजच्या कारभारावर त्याचा अधिकार चालणार नाही. नोकरभरतीत कोणास किती वाव मिळतो याचीही माहिती दिली पाहिजे. नंतरच्या काळात आणखी एका अटीची भर पडली. १९९९ साली बोस्टनच्या एका मोठ्या केंद्राने आपल्या देणगीदारांची नावनिशी एका राजकीय पक्षाशी अदलाबदल केल्याचे उघडकीस आले आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर अशा याद्या राजकीय पक्षांस अथवा उमेदवारांस देण्याविरुद्ध कायद्यानेच बंदी घातली.

या सर्वांत मला सर्वाधिक विलक्षण वाटले ते खुल्या बैठकीच्या कलमातील एक वाक्य. त्याचा आशय असा की, बैठकीस येणाऱ्या कोणाही व्यक्तीस आत प्रवेश देण्याची अट म्हणून तिचे नाव नोंदविण्यास किंवा इतर कोणतीही माहिती देण्यास सांगता कामा नये. श्रोतेहो, आपल्याकडील कोणत्याही कचेरीच्या दारावरचे दृश्य आठवा. पहारेकरी एक वही पुढे करतो. नाव, गाव, कोणास भेटावयाचे, काम काय, आत जाण्याची वेळ, सही. वहीतील रकाने भरता भरता निम्म्या लोकांचा विचारण्याचा उत्साह मावळतो. त्या कायद्याने ही वहीच काढून टाकली. तुम्ही कोण, हे न सांगताही तुम्हांस आत बसता येईल. मात्र तेथे बोलण्याचा हक्क या कलमाने दिलेला नव्हता. बसावे, ऐकावे आणि घरी जावे, एवढेच.

बैठक बंद दाराआडही घेता येई, पण कारणे मोजकी होती. एखाद्या नोकराचा वैयक्तिक प्रश्न, कोर्टातील प्रकरण आणि वकिलाचा सल्ला, विश्वासाने मिळालेली व्यापारी माहिती, किंवा वेळेआधी बातमी फुटल्यास नुकसान होईल असा खरेदीचा व्यवहार. दार बंद केले तर ते का केले हे मागाहून लेखी सांगावे लागे. महामंडळाच्या नियमांप्रमाणे त्यासाठी दहा दिवसांची मुदत होती, आणि बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी द्यावयाची होती. अलीकडच्या काळात तर वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावे, मंडळांच्या सभासदांची नावे, बैठकांच्या तारखा आणि तपासलेले हिशेब हे सारे केंद्राच्या संकेतस्थळावर ठेवणेही आवश्यक झाले होते.

केंद्र एखाद्या स्वतंत्र संस्थेचे असेल तर हे सोपे आहे. संस्थेचे मंडळ तेच केंद्राचे मंडळ. पण केंद्र विद्यापीठाचे असेल तर नियामक मंडळ कोणते? परवाना विद्यापीठाच्या नावावर. म्हणून विद्यापीठाचे जे सर्वोच्च मंडळ तेच केंद्राचे मंडळ. त्या मंडळापुढे रुग्णालयाचे बांधकाम आहे, विद्यार्थ्यांची फी आहे, फुटबॉलच्या प्रशिक्षकाचा करार आहे, कुलगुरूंची नेमणूक आहे. या साऱ्या डोंगरात नभोवाणी केंद्राचा विषय वर्षातून एखादे वेळी आला तर आला. कायद्याच्या अक्षराप्रमाणे दार उघडे असे. परंतु ज्या नागरिकास सकाळच्या बातम्यांचा कार्यक्रम का बंद झाला हे जाणून घ्यावयाचे असे तो त्या दारातून आत गेला तरी त्या विषयावर एक शब्दही त्याच्या कानी पडण्याची खात्री नसे. केंद्राचे खरे निर्णय कोठे होत? बहुधा एखाद्या उपकुलगुरूंच्या खोलीत, दोघातिघांच्या बोलण्यात. आणि त्या बोलण्यास बैठक हे नाव नसल्यामुळे त्यास कलमही लागू नसे.

शिवाय सल्लागार मंडळाची सक्ती राज्य सरकारच्या विद्यापीठांस नव्हती. ती खाजगी विद्यापीठांच्या केंद्रांस होती. राज्य विद्यापीठे लोकप्रतिनिधींस जबाबदार असतातच, असे कदाचित गृहीत धरले गेले असावे. त्यांतील कित्येकांनी आपण होऊन अशी मंडळे ठेविली, ही त्यांच्या चालकांची सद्बुद्धी.

आता जमाखर्चाकडे वळतो, कारण तेथे माझा जीव अधिक रमतो. अनुदानाची रक्कम ठरविताना महामंडळ असे पाहत असे की, केंद्राने केंद्रसरकारखेरीज इतरत्र किती मदत मिळविली. श्रोत्यांच्या वर्गण्या, राज्याचे साहाय्य, व्यापाऱ्यांनी दिलेला पुरस्कार, आणि विद्यापीठाने स्वतः दिलेली मदत. जितकी ही मदत अधिक, तितके अनुदान अधिक. कल्पना चांगली आहे. जो स्वतः हात हलवितो त्यास आणखी द्यावे. पण विद्यापीठाची मदत नेहमी रोख नसते. केंद्र विद्यापीठाच्या इमारतीत बसते, त्याची वीज जळते, त्याचा झाडूवाला आणि पहारेकरी विद्यापीठाचे, पगारपत्रक विद्यापीठाच्या लेखाशाखेत तयार होते, कज्जा निघाला तर वकील विद्यापीठाचा. याची किंमत किती धरावयाची? ती धरण्याची रीत ठरलेली होती. विद्यापीठाच्या प्रशासनाच्या एकूण खर्चाचा जो भाग केंद्राच्या खरोखर उपयोगी पडतो तेवढाच धरावयाचा आणि त्याचा हिस्सा प्रमाणात काढावयाचा. वसतिगृहाच्या कचेरीचा खर्च, शिष्यवृत्त्यांच्या विभागाचा खर्च यांचा केंद्रास काय उपयोग? ते वगळले पाहिजेत.

मोह कोठे शिरतो हे सांगावयास नको. खोलीचे भाडे थोडे चढे लावले, एखादा विभाग वगळावयाचा राहून गेला, की कागदावरील मदत वाढते आणि तिच्यामागे अनुदानही वाढते. एक पैसाही कोणाच्या खिशात गेलेला नसतो. कारकुनाने बेरीज मात्र फुगविलेली असते. महामंडळाचे स्वतंत्र तपासणी अधिकारी केंद्रांची तपासणी करीत आणि त्यांचे अहवाल प्रसिद्ध होत. त्या अहवालांत दोन दोष पुनःपुन्हा आढळतात. एक, बाहेरील मदतीचा आकडा वाजवीपेक्षा जास्त दाखविला. दोन, बैठकीची सूचना वेळेवर दिली नाही अथवा कागदपत्रे लोकांसाठी ठेविली नाहीत. पहिल्या दोषात जास्तीचे अनुदान परत मागितले जाई. मला त्या अहवालांचे कौतुक वाटले ते त्यांच्या कोरडेपणामुळे. त्यांत कोणास चोर म्हटलेले नसते. अमुक रक्कम अमुक कारणासाठी धरता येत नाही, ती वजा करावी, एवढेच.

अनुदानाचा पैसा वेगळ्या खातेक्रमांकाने ओळखता आला पाहिजे, अशीही एक अट होती. ही अट क्षुल्लक वाटते. परंतु ज्याने विद्यापीठाची लेखाशाखा आतून पाहिली आहे त्यास तिचे मोल कळेल. माझ्या नोकरीच्या काळात एका विभागास उपकरणांसाठी अनुदान आले. पैसा विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जमा झाला आणि तेथील इतर पाण्यात मिसळून गेला. मार्चअखेर जवळ आली. उपकरण अजून बंदरातच होते, पण उपयोगिता प्रमाणपत्र तर पाठवावयास हवे. ते पाठविण्यात आले. त्याखालील एक सही माझी होती. उपकरण पुढे जुलैत आले, ठीक चालले, कोणाचे काही बुडाले नाही. तरीही ती सही करताना मी जे लिहून दिले ते खरे नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि आजही ठाऊक आहे. पैसा वेगळ्या खात्यात असता तर त्या खात्याची शिल्लकच बोलली असती आणि मला खोटे लिहिता आले नसते.

उघडपणाचा प्रश्न किती खोल जातो हे पाहावयाचे असेल तर अनुदानाच्या बाहेरचे एक उदाहरण घेऊ. ह्यूस्टन शहरात राइस नावाचे खाजगी विद्यापीठ आहे. त्याचे 'केटीआरयू' हे केंद्र विद्यार्थी चालवीत. २०१० च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांस वर्तमानपत्रातून कळले की, विद्यापीठाने केंद्राचा परवाना आणि मनोरा ह्यूस्टन विद्यापीठास ९५ लाख डॉलरांस विकावयाचे ठरविले आहे. वाटाघाटी गुप्तपणे झाल्या होत्या. विकणारे विद्यापीठ खाजगी, त्यामुळे त्यास कोणास विचारण्याचे बंधन नव्हते. घेणारे विद्यापीठ राज्याचे, म्हणून खरेदीचा ठराव त्याच्या नियामक मंडळासमोर यावा लागला. ज्यांचे केंद्र जात होते त्यांच्या घरी दार बंद आणि ज्यांस ते मिळत होते त्यांच्या घरी बैठक! विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, आक्षेप नोंदविले. २०११ साली परवाना हस्तांतरित झाला. नव्या मालकाने त्यावर शास्त्रीय संगीत सुरू केले आणि पाच वर्षांनी, २०१६ साली, तोही परवाना विकून टाकला.

या उदाहरणावरून खाजगी आणि सरकारी विद्यापीठ यांतील भेद ध्यानात येईल, आणि आजचा प्रश्नही तेथेच आहे. २४ जुलै २०२५ रोजी ज्या कायद्यावर सही झाली त्याने महामंडळास पुढील दोन वर्षांसाठी आधीच मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. ही केंद्रे एका राजकीय मताकडे झुकलेली आहेत, आणि आजच्या काळात सरकारने प्रसारणास पैसा देण्याचे कारण नाही, असे पाठिराख्यांचे म्हणणे. लहान गावांतील आणि आदिवासी वस्त्यांतील केंद्रे यामुळे बुडतील, कारण त्यांच्या उत्पन्नात अनुदानाचा वाटा मोठा आहे, असे विरोधकांचे. त्या वादात मी शिरत नाही. कोणा केंद्राने हिशेब चुकविला म्हणून हा पैसा बंद झाला नाही, एवढे मात्र नोंदविले पाहिजे. १ ऑगस्ट रोजी महामंडळाने आपला कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याच्या संचालक मंडळाने संस्था विसर्जित करण्याचा ठराव केला.

अटी होत्या त्या अनुदानाच्या. कायद्याची भाषाच अशी होती की, अमुक गोष्टी पाळल्याखेरीज पैसा वाटता येणार नाही. पैसा वाटलाच जात नसेल तर त्या पाळावयास लावणार कोण? राज्य विद्यापीठांच्या केंद्रांवर त्या त्या राज्याचे खुल्या बैठकींचे आणि माहितीचे कायदे अजून लागू आहेत. परवाना देणाऱ्या केंद्रीय दळणवळण आयोगाची जी सार्वजनिक नस्ती प्रत्येक केंद्रास ठेवावी लागते तीही कायम आहे. तीत समाजाच्या कोणत्या प्रश्नांवर कोणते कार्यक्रम केले याची तिमाही यादी असते, विशिष्ट कार्यक्रमांस मदत करणाऱ्यांची नावे असतात. २०१८ पासून ती घरबसल्या पाहता येते. पण त्या नस्तीत जमाखर्च नाही आणि बैठकही नाही. खाजगी विद्यापीठाच्या केंद्रापाशी तर अनुदानाच्या अटीखेरीज बैठक उघडी ठेवण्याचे दुसरे बंधन बहुधा नव्हतेच. तेच केंद्र आता पूर्वीपेक्षा अधिक आर्जवाने श्रोत्यांकडे वर्गणी मागणार. ज्या क्षणी श्रोत्याच्या पैशावरील भिस्त वाढली त्याच क्षणी त्यास हिशेब दाखविण्याची सक्ती सैल झाली.

काही केंद्रचालक म्हणतील, आम्ही ही माहिती आपखुशीने देत राहू. देतीलही. परंतु ज्या विद्यापीठाचा स्वतःचाच अर्थसंकल्प ओढाताणीत आहे तेथे सात दिवस आधी सूचना देण्याचे, स्वतंत्र लेखापरीक्षणाची फी भरण्याचे, सल्लागार मंडळाचे इतिवृत्त लिहिण्याचे काम कोणाच्या माथी येणार? माझ्या अनुभवाप्रमाणे सक्ती गेली की प्रथम इतिवृत्त लिहिणे थांबते, मग बैठक लांबणीवर पडते, आणि दोन वर्षांनी मंडळाच्या सभासदांपैकी निम्म्यांचे पत्ते बदललेले असतात.

आपल्याकडेही विद्यापीठांची नभोवाणी केंद्रे आता आहेत. २००२ साली शिक्षणसंस्थांस अशी केंद्रे काढण्यास परवानगी मिळाली. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, आणि पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' आपल्या भाषेच्या श्रोत्यांस परिचित आहे. त्यांचा खर्चही विद्यापीठाच्या मोठ्या संसारातच मिसळलेला असतो. पण सरकारी पैशावर चालणारे विद्यापीठ २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली येते, आणि त्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अर्थसंकल्पातील वाटप आणि खर्चाचे अहवाल कोणी न मागताही प्रसिद्ध करावयाचे असतात. ही अट अनुदानास जोडलेली नाही. अनुदान थांबले म्हणून ती थांबत नाही. मी निवृत्त झाल्यावर एकदा आमच्या शेजारच्या एका महाविद्यालयीन मुलास म्हटले, 'अरे, तुमच्या विद्यापीठाच्या केंद्रावर वर्षाकाठी किती खर्च होतो, पाहा बरे शोधून.' तो दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, 'काका, वार्षिक अहवालात 'इतर उपक्रम' या सदरात तो आहे, पण त्या सदरात आणखी अकरा उपक्रम आहेत.' मी त्यास अर्जाचा नमुना लिहून दिला. अर्ज गेला आहे, आणि मुदत तीस दिवसांची आहे.